पैसे कमी पडले की महापालिका आधी कशाला हात लावते?

दर फेब्रुवारीत मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत एकच आकडा ठळक छापून येतो. २०२५-२६ साठी तो ७४ हजार ४२७ कोटी रुपये होता. गोव्यासारख्या राज्याचं अख्खं बजेट याच्या निम्म्याहून कमी भरतं. तरीही गल्लीतल्या गटाराचं काम सांगायला वॉर्ड ऑफिसात गेलं, की "यंदा तरतूद नाही, पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे टाळायचं निमित्त आहे. पण अनेकदा समोरच्या इंजिनिअरच्या हातात त्या कामासाठी खरोखरच पैसे नसतात.

एवढ्या श्रीमंत महापालिकेत पैसे कमी पडतात म्हणजे नेमकं काय होतं? आणि कमी पडले की कुठलं काम पुढे काढायचं, कुठलं मागे ठेवायचं, हे कसं ठरतं? हे समजून घेणं प्रत्येक मुंबईकराच्या कामाचं आहे, कारण या निवडीमागची खरी कारणं अर्थसंकल्पाच्या भाषणात क्वचितच सापडतात.

कागदावर न दिसणारी तूट

केंद्र सरकार तुटीचं बजेट मांडतं, बाजारातून कर्ज उभारतं आणि खर्च भागवतं. महापालिकेला तशी मोकळीक नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांना असाच अर्थसंकल्प मांडावा लागतो, की ज्यात वर्षअखेरीस काहीतरी शिल्लक उरेल. म्हणून मुंबईचा अर्थसंकल्प दरवर्षी काही कोटींच्या शिलकीचा असतो. "महापालिकेचा शिलकी अर्थसंकल्प" असा मथळा वाचून सगळं आलबेल आहे असं समजायचं कारण नाही. तो कायदेशीर आवश्यकतेचा भाग आहे.

खरी तूट शोधायची तर वर्षाला हमखास येणारं उत्पन्न आणि ठरवलेला एकूण खर्च यांच्याकडे बघावं लागतं. २०२५-२६ मध्ये महसुली उत्पन्नाचा अंदाज सुमारे ४३ हजार कोटींचा होता. खर्च मात्र ७४ हजार कोटींचा. त्यातला जवळपास ३१ हजार कोटी रोजचा, म्हणजे महसुली खर्च, आणि ४३ हजार कोटी नव्या बांधकामांचा, म्हणजे भांडवली खर्च. उत्पन्न आणि खर्च यांच्यातली ही दरी राखीव निधीतून पैसे काढून आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्याला तात्पुरती रक्कम देऊन भरली जाते. मुंबईची तूट आहे ती ही. पगार थकलेत, दिवे बंद पडलेत, अशी अवस्था इथे आलेली नाही आणि कुणी तशी भीती घालू नये. पण हाती घेतलेल्या कामांचा पसारा दरवर्षीच्या कमाईच्या फार पुढे गेला आहे, हेही तितकंच खरं.

तूट लपायची आणखी एक जागा आहे आणि ती जास्त फसवी आहे. उत्पन्नाचा अंदाज फुगवायचा, त्यावर सगळ्यांना हव्या त्या तरतुदी दाखवायच्या, आणि वर्षभर खर्चच करायचा नाही. वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. २०१६-१७ चा अर्थसंकल्प ३७ हजार ५२ कोटींचा होता. पुढच्या वर्षी तेव्हाचे आयुक्त अजोय मेहता यांनी तो थेट २५ हजार १४१ कोटींवर आणला. एका वर्षात १२ हजार कोटी गायब झाले, म्हणून गदारोळ झाला. प्रत्यक्षात शहराची एकही सेवा त्या प्रमाणात आटली नाही. जो पैसा कधी खर्च होणारच नव्हता तो कागदावरून काढला गेला, इतकंच. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा सगळ्यात प्रामाणिक अर्थसंकल्प होता. दुर्दैवानं ती शिस्त पुढे टिकली नाही. फुगत फुगत आकडा २०२५-२६ पर्यंत कुठे गेला, ते वर आलंच आहे.

कमाई कुणाच्या हातात?

जुन्या मुंबईकरांना दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द इथले जकात नाके आठवत असतील. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. ट्रकच्या रांगा, धूर, भ्रष्टाचाराच्या तक्रारी, सगळं होतं. पण महापालिकेच्या दृष्टीनं एक फार मोठी गोष्ट होती: रोजच्या रोज रोकड यायची आणि ती महापालिकेची स्वतःची असायची. वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. त्या बदल्यात राज्य सरकारनं कायदा करून भरपाई देऊ केली. २०१६-१७ चं जकात उत्पन्न पायाभूत धरायचं, त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ करायची आणि रक्कम दर महिन्याला द्यायची. २०२५-२६ मध्ये ही भरपाई १४ हजार कोटींच्या घरात गेली. महापालिकेचं हे सगळ्यात मोठं उत्पन्न.

भरपाई नियमित येते, हे चांगलंच आहे. पण शहरात व्यापार दुप्पट झाला म्हणून ती दुप्पट होत नाही, आणि ती ठरवायचा अधिकार महापालिकेकडे नाही. मंत्रालयाच्या हातात असलेल्या एका नळावर शहराच्या कमाईचा मोठा हिस्सा अवलंबून आहे.

मालमत्ता कर मात्र महापालिकेचा हक्काचा. त्यातून पाच हजार कोटींच्या आसपास येतात. इथेही राजकारण आडवं येतं. जानेवारी २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. सुमारे १६ लाख घरांना त्याचा लाभ मिळाला. चाळीतल्या, एसआरएतल्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींतल्या), छोट्या फ्लॅटमधल्या कुटुंबांना दिलासा मिळाला, त्यात वाईट काही नाही. पण वर्षाला चारशे कोटींहून अधिक उत्पन्न कायमचं गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. सवलत देताना "यासाठी कुठली सेवा कमी करू?" हा प्रश्न कुणी विचारला नाही, म्हणून त्याचं उत्तरही कुणी दिलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर, आधारित कर आकारणीचे काही नियम रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हे आज धरून कर लावता येणार नाही, असा त्याचा आशय. त्यामुळे जुन्या बिलांचाही हिशेब पुन्हा मांडायची वेळ आली.

तिसरा मोठा स्रोत म्हणजे बिल्डरांकडून मिळणारे अधिमूल्य, ज्याला सगळे प्रीमियमच म्हणतात. वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी, हवं तर पैसे भरा. हा पैसा बांधकाम व्यवसायाच्या लहरीवर चालतो. २०२१ मध्ये राज्य सरकारनं वर्षअखेरपर्यंत प्रीमियममध्ये ५० टक्के सूट दिली आणि बिल्डरांनी रांगा लावल्या. त्या वर्षी विकास नियोजन खात्याचं उत्पन्न अंदाजाच्या कितीतरी पट झालं. पण पुढे येणारे पैसे त्यांनी आधीच भरून टाकले होते, त्यामुळे पुढच्या वर्षीचा अंदाज खाली आणावा लागला. अशा उत्पन्नावर कायमचा खर्च उभा करणं धोक्याचं असतं.

शंभरातले किती रुपये मोकळे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उत्पन्न दहा टक्क्यांनी घसरलं, तर प्रत्येक खात्याला दहा टक्के कात्री लागत असेल, असं आपण गृहीत धरतो. तसं होत नाही.

समजा एखाद्या महापालिकेकडे १०० रुपये आहेत. त्यातले ७० आधीच बांधलेले आहेत: पगार, निवृत्तिवेतन, पंपांचं वीज बिल, चालू कंत्राटांची देयकं, कर्जाचे हप्ते, न्यायालयाच्या आदेशानं करावी लागणारी कामं. उरले ३०. आता उत्पन्न ९० वर आलं. ७० ला हात लावता येत नाही, म्हणून सगळे १० रुपये त्या ३० मधूनच जातात. एकूण तूट दहा टक्के, पण मोकळ्या पैशातल्या कामांवर कात्री ३३ टक्के. गल्लीतलं गटार, शाळेची डागडुजी, फुटपाथची लादी, उद्यानातले दिवे, सगळे या ३० रुपयांत राहतात.

अर्थसंकल्पाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी हीच सांगेन. तुटीच्या काळात प्राधान्य ठरतं ते बहुतेक वेळा काय थांबवता येत नाही यावरून. काय जास्त महत्त्वाचं आहे हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोवर वाटायला थोडंच उरलेलं असतं.

थांबवता न येणाऱ्या गोष्टींत सगळ्यात आधी माणसं येतात. सफाई कामगार, परिचारिका, शिक्षक, अग्निशमन दलाचे जवान यांचे पगार आणि निवृत्तांची पेन्शन. वेतन आयोग लागू झाला की हा आकडा एकदम वर जातो आणि पुन्हा खाली येत नाही. महापालिका इथे एक संथ, न दिसणारा मार्ग वापरते: माणूस निवृत्त झाला की पद भरायचंच नाही, किंवा तेच काम कंत्राटी माणसाकडून करून घ्यायचं. पगारावरचा खर्च वाचल्यासारखा दिसतो. एकाच परिचारिकेनं दोन वॉर्ड सांभाळायचे, ही त्या बचतीची किंमत अर्थसंकल्पाच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेली नसते.

मग येतो कायदा. १८८८ च्या अधिनियमात दोन याद्या आहेत. कलम ६१ मध्ये महापालिकेनं केलीच पाहिजेत अशी कामं: पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते, झाडलोट, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण वगैरे. कलम ६३ मध्ये मर्जीनं करायची, म्हणजे ऐच्छिक कामं: उद्यानं, ग्रंथालयं, वस्तुसंग्रहालयं अशा गोष्टी. तंगीत दुसऱ्या यादीवर आधी नजर जाते. कागदावर हे योग्य वाटतं. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या पोराला अभ्यासाला जागा नसते, तेव्हा जवळची अभ्यासिका त्याच्यासाठी ऐच्छिक नसते. १८८८ सालची ही विभागणी आजच्या शहराला पुरेशी नाही, असं मला मनापासून वाटतं.

न्यायालयाचा शब्द तर सगळ्याच्या वर. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. जखमींनाही भरपाई. असा आदेश आला की मॅनहोलच्या जाळ्या बसवण्याचं काम "पुढच्या वर्षी बघू" या यादीतून उठून आजच्या यादीत येतं, कारण ते न करणं आता महाग पडतं.

सगळ्यात सोपी कात्री

मोकळ्या ३० रुपयांतून कपात करायची वेळ येते तेव्हा ती कशी होते हेही बघण्यासारखं आहे. "हे काम रद्द" असं जाहीर करायला कुणालाच आवडत नाही. म्हणून तीन-चार मऊ पद्धती आहेत.

एक म्हणजे टोकन तरतूद. कामाचं नाव अर्थसंकल्पात ठेवायचं आणि समोर नाममात्र रक्कम लिहायची. नगरसेवक लोकांना दाखवू शकतो की काम मंजूर आहे, आणि तिजोरीतून काही जात नाही. दुसरी म्हणजे वेळ काढणं. निविदा काढायला उशीर, कार्यादेश (काम सुरू करायचा लेखी आदेश) द्यायला उशीर, मग पावसाळा येतो, मग वर्ष संपतं आणि तरतूद वाया जाते. तिसरी, निधी वळवणं: एका लेखाशीर्षाखालचे, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या एका ठरावीक नोंदीखालचे, न वापरलेले पैसे दुसऱ्या कामाकडे नेणं. मंजुरी घेऊन असं करता येतं आणि कधी ते गरजेचंही असतं. कोविडच्या काळात मोठ्या तात्पुरत्या रुग्णालयांसाठी पैसा असाच इकडून तिकडून उभा केला गेला आणि ते योग्यच होतं.

चौथी पद्धत मला सगळ्यात घातक वाटते: देखभाल पुढे ढकलणं. नवा पूल बांधला तर उद्घाटन होतं, फलक लागतो, फोटो निघतात. जुन्या पुलाचं बेअरिंग बदललं तर वाहतूक अडते आणि लोक शिव्या देतात. म्हणून पैसे कमी पडले की देखभालीच्या तरतुदीला हात लावणं सोपं जातं. एक वर्ष न रंगवलेल्या लोखंडाचं काही बिघडत नाही. दोन वर्षांनीही फारसं दिसत नाही. मग कधीतरी सगळं एकदम कोसळतं आणि पाच रुपयांत झालं असतं ते काम पन्नास रुपयांना पडतं, जीव जातात ते वेगळेच. जुन्या जलवाहिन्यांचंही हेच. भातसा, तानसा, वैतरणापासून शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर कापून आणलेलं, शुद्ध केलेलं पाणी शहरात येऊन गळत असेल, तर गळती शोधण्यावर वाचवलेला प्रत्येक रुपया जमिनीत मुरतो.

शाळा आणि दवाखान्यांत हीच कपात अधिक शांतपणे होते. इमारत उभी असते, डॉक्टर असतो, औषधांच्या खरेदीची निविदा मात्र अडकलेली असते. आकड्यांत आरोग्यावर सात हजार कोटींच्या वर तरतूद दिसते. केईएम, नायर, शीव, कूपर अशी मोठी रुग्णालयं चालवणारी ही महापालिका आहे आणि राज्यभरातून रुग्ण इथे येतात, त्यामुळे तेवढी लागतेही. पण चिठ्ठीवरचं औषध बाहेरून आणायला सांगितलं जातं तेव्हा तूट महापालिकेच्या खात्यातून रुग्णाच्या खिशात सरकलेली असते. बचत झाली असं म्हणताना ती कुणाच्या खिशातून झाली, हे विचारलंच पाहिजे.

बसचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाच रुपयांवर आणलं. प्रवासी खूश झाले. भाडं आणि खर्च यांतला फरक महापालिका अनुदानातून देत राहिली. २०२५-२६ मध्येही एक हजार कोटी ठेवले गेले. मे २०२५ मध्ये किमान भाडं दहा रुपये झालं. सहा वर्षं जे ओझं अनुदानाच्या रूपानं सगळ्या करदात्यांवर होतं, त्यातला हिस्सा रोज बसनं जाणाऱ्या माणसावर आला. घरकाम करणाऱ्या बाईला दिवसाला दोन बस बदलाव्या लागत असतील, तर तिच्या महिन्याच्या हिशेबात हा फरक मोठा आहे. हा निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, पण तो प्राधान्यक्रमाचाच निर्णय होता आणि त्याची चर्चा तशी व्हायला हवी होती.

मोठी कामं का थांबत नाहीत?

मग मोठे प्रकल्प का नाही थांबवत, असा प्रश्न येतोच. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता १२.२ किलोमीटरचा, त्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जुळे बोगदे. वर्सोव्यापासून दहिसरपर्यंत सागरी रस्त्याचा विस्तार. सात मलजल प्रक्रिया केंद्रं. रस्त्यांचं काँक्रिटीकरण. या सगळ्यांची मिळून पुढच्या काही वर्षांत द्यायची रक्कम, महापालिकेच्या भाषेत दायित्व, दोन लाख कोटींच्या वर गेली आहे.

एकदा कार्यादेश दिला की अशा कामातून अंग काढून घेता येत नाही. काम थांबवलं तर कंत्राटदार नुकसानभरपाई मागतो, यंत्रं पडून राहिल्याचे पैसे मागतो, आणि पुन्हा सुरू केलं की दर वाढलेले असतात. म्हणजे मोठ्या प्रकल्पाला नकार द्यायचा तर तो निविदेच्या आधी द्यावा लागतो. नंतर तो बांधलेल्या ७० रुपयांत जाऊन बसतो आणि पुढची पाच-सात वर्षं तिथून हलत नाही.

शिवाय प्रत्येक नव्या गोष्टीला पुढे कायमचा खर्च जोडलेला असतो. मलजल केंद्रांची मुंबईला नितांत गरज होती. वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी नावापुरत्या प्रक्रियेनंतर समुद्रात जात होतं, आणि हे काम झालंच पाहिजे. पण केंद्र बांधून झालं की वीज, रसायनं, तंत्रज्ञ यांचा खर्च दरवर्षी येणार. आज भांडवली असलेला पैसा उद्या महसुली खर्च वाढवतो. नवा प्रकल्प मांडताना "हा चालवायला वर्षाला किती लागतील?" हा आकडा शेजारीच छापला, तर अर्धी चर्चा सुधारेल.

मग हे पैसे येतात कुठून? इथे महापालिकेच्या प्रसिद्ध मुदत ठेवी येतात. २०२२ च्या सुमारास त्या ९० हजार कोटींच्या घरात होत्या, नंतर कमी होत ८० हजारांच्या आसपास आल्या. "एवढे पैसे बँकेत आहेत, मग रडता कशाला?" असं लोक विचारतात. तर त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा, पेन्शनचा, कंत्राटदारांच्या अनामतीचा आहे. तो महापालिकेकडे आहे, पण महापालिकेचा नाही. उरलेला राखीव निधी प्रकल्पांसाठी ठेवलेला.

अंतर्गत कर्जाचा प्रकार समजायला आपली हाउसिंग सोसायटी पुरेशी आहे. सोसायटीकडे सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी, असतो आणि रोजच्या मेंटेनन्सचं खातं वेगळं असतं. मोठी दुरुस्ती निघाली, मेंटेनन्स पुरेना, म्हणून समिती सिंकिंग फंडातून उसने घेते आणि ठरावात लिहिते की परत भरू. परत भरण्यासाठी एकतर मेंटेनन्स वाढवावा लागतो किंवा पुढचे खर्च कमी करावे लागतात. दोन्ही कटू, म्हणून परतफेड पुढे ढकलली जाते. महापालिकेनं २०२५-२६ मध्ये अशा अंतर्गत तात्पुरत्या हस्तांतरणासाठी सुमारे १२ हजार कोटी धरले. आदल्या वर्षीही साधारण तेवढेच होते. ठेवी कमी झाल्या की व्याज कमी होतं, आणि ते व्याज हाही उत्पन्नाचा एक भाग आहे. म्हणजे आजची दरी भरताना उद्याची कमाईही थोडी कमी होते.

उत्पन्न वाढवायचे मार्ग सांगायला सोपे आहेत. २०२५ मध्ये झोपडपट्टीतल्या व्यावसायिक गाळ्यांवर मालमत्ता कर लावायचा प्रस्ताव आला. त्याच वर्षी कचरा उचलण्यासाठी शुल्काचा मसुदा आला, लहान घरांना महिन्याला १०० रुपयांपासून पुढे. वरळीच्या डांबर कारखान्याच्या भूखंडासारख्या मोक्याच्या जमिनी भाडेपट्ट्यानं देण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक वेळी विरोध झाला, आणि विरोधकांचं म्हणणं दर वेळी चुकीचं होतं असं नाही. विकलेली किंवा दीर्घ मुदतीला दिलेली जमीन परत येत नाही. उद्या तिथे शाळा किंवा रुग्णालय हवं असेल तर कुठे उभं करणार? पाणीपट्टीत दरवर्षी आठ टक्क्यांपर्यंत वाढ करायचं धोरण २०१२ पासून आहे, पण निवडणुका दिसू लागल्या की ती वाढ थांबते. कर वाढवायचा नाही, सेवा कमी करायची नाही, प्रकल्प थांबवायचे नाहीत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणणारा लोकप्रतिनिधी हिशेबाचं शेवटचं पान दाखवत नसतो.

ठरवतं कोण, आणि आपण केव्हा बोलायचं?

कायद्यानं वाट अशी आहे: आयुक्त फेब्रुवारीच्या ५ तारखेपर्यंत स्थायी समितीला अर्थसंकल्पाचे अंदाज सादर करतात, शिक्षणाचा अर्थसंकल्प शिक्षण समितीकडे जातो, समित्या बदल सुचवतात, मग २२७ निवडून आलेल्या नगरसेवकांचं सभागृह चर्चा करून मंजुरी देतं. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं अर्थसंकल्प मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी असायचा: राज्य सरकारनं नेमलेला प्रशासक. या काळात शहराच्या इतिहासातली मोठमोठी कंत्राटं निघाली. प्रशासक कार्यक्षम होते की नव्हते हा मुद्दाच नाही. "माझ्या प्रभागातली शाळा आधी" असं ओरडून सांगणारा माणूसच सभागृहात नव्हता. २०२३ पासून आमदार-खासदारांना पालकमंत्र्यांमार्फत पालिकेचा निधी मागता येऊ लागला, तेव्हा विरोधी पक्षांच्या आमदारांनी आपल्याला डावललं जात असल्याची तक्रार केली. आवाज कुणाचा पोहोचतो यावर पैशाची दिशा किती ठरते, हे तेव्हा उघड दिसलं.

आता सभागृह परत आलं आहे. पण फेब्रुवारीत अर्थसंकल्प आल्यावर बोलायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. साधारण दिवाळीनंतर खाती आपापल्या मागण्या तयार करतात, आणि डिसेंबरपर्यंतचा खर्च बघून चालू वर्षाचे सुधारित अंदाज बनतात. कुठलं काम यादीत जाणार हे तेव्हाच बऱ्याच अंशी ठरतं. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं थेट क्षेत्रीय कार्यालयाकडे सुचवता येऊ लागली. त्या प्रयोगात कमतरता होत्या, तरी मागणी वेळेत पोहोचवायची जागा मिळाली. मुंबईतही अर्थसंकल्पापूर्वी सूचना मागवल्या जातात. जी उत्तर असो वा के पूर्व, आपल्या वॉर्ड ऑफिसात ती मागणी नोव्हेंबरात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

अर्थसंकल्पाची पुस्तकं महापालिकेच्या संकेतस्थळावर असतात. जाडजूड असतात, पण सगळी वाचायची गरज नाही. आपल्या कामाचं लेखाशीर्ष शोधायचं आणि आडव्या रांगेतले आकडे बघायचे: गेल्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती झाला, यंदा तरतूद किती होती, सुधारित अंदाजात ती किती उरली, आणि पुढच्या वर्षी किती धरली. तरतूद पाच कोटी, सुधारित अंदाज पन्नास लाख आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाच कोटी असं दिसलं, तर ते काम फक्त कागदावर जगतंय असं समजावं. हे आकडे घेऊन नगरसेवकाकडे गेलं की बोलणं बदलतं. "गटार दुरुस्त करा" या अर्जाला "तरतूद नाही" एवढं उत्तर पुरतं. पण "या लेखाशीर्षाखाली गेल्या वर्षी तरतूद होती, डिसेंबरपर्यंत खर्च शून्य आहे, निधी कुठे वळवला आणि कुणाच्या मंजुरीनं?" असा प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात लिहून दिला, तर साधारण ३० दिवसांत त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरावर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम मागून घ्यावं.